एका हंगामात तीन बेअरिंगं खाणारा मल्चर

पार्श्वभूमी

निफाड तालुक्यातल्या एका द्राक्षबागायतदाराच्या यंत्राचं हे प्रकरण आहे. नाव-गाव सांगत नाही. इथे त्यांना अण्णा म्हणू. बाग चार एकर, लागवड नऊ बाय पाच फुटांवर, घरचा मिनी ट्रॅक्टर २४ अश्वशक्तीचा. त्याच्या मागे चार फुटी मल्चर. हा मल्चर अण्णांनी दोन वर्षांपूर्वी जुना घेतला होता. पहिल्या मालकाने किती हंगाम वापरला ते कागदावर कुठेच नव्हतं. यंत्रावरची पाटीही अर्धी घासलेली होती.

बागेत या यंत्राला दोन कामं. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर सरीत पडलेल्या काड्यांचा भुगा करायचा आणि पावसाळ्यात दोन ओळींमधलं गवत कापायचं. पूर्वी काड्या मजूर लावून बांधावर ओढायच्या आणि पेटवून द्यायच्या. आता तो भुगा बोदावर आच्छादन म्हणून राहतो, म्हणून मल्चरला मागणी आहे. यंत्राची रचना साधी. ट्रॅक्टरचा पीटीओ, म्हणजे अवजाराला ताकद देणारा मागचा फिरता शाफ्ट, मिनिटाला ५४० फेरे देतो, गिअरबॉक्समध्ये त्याचे तिप्पट होतात, पुढे लहान-मोठ्या पुलीमुळे आणखी सव्वापट. म्हणजे रोटर, मल्चरच्या पोटातला आडवा फिरता दंड, मिनिटाला दोन हजार पंचवीसच्या आसपास फिरतो. रोटरवर वीस कान वेल्ड केलेले असतात आणि प्रत्येक कानात बोल्टवर झुलणारा एक हॅमर. ट्रॅक्टर उभा असताना हॅमर लोंबतात, फेरे वाढले की बाहेर ताठ होतात.

माझं पिंपळगाव बसवंतच्या बाजूला अवजारं दुरुस्तीचं गॅरेज आहे. अण्णा माझ्याकडे आले तेव्हा एप्रिलचा दुसरा आठवडा चालू होता आणि दीड एकर काड्या अजून सरीत पडून होत्या.

अडचण

तक्रार एका ओळीची होती. उजव्या बाजूचं बेअरिंग टिकत नाही. त्या हंगामात दोन गेली होती आणि तिसरं गरम होत होतं. पहिलं बारा दिवस टिकलं, दुसरं चार.

अण्णा म्हणाले, "मिस्तरी, चांगल्या कंपनीचं बेअरिंग टाका अन् द्या सोडून. दुकानदाराने डुप्लिकेट माल दिला असंल."

बेअरिंग वारंवार जातं तेव्हा आपण सगळे आधी बेअरिंगलाच दोष देतो. माझ्या अनुभवात दहातल्या आठ वेळा त्याचा दोष नसतो. बेअरिंग हा यंत्रातला तक्रार करणारा भाग असतो, गुन्हा दुसरीकडेच घडलेला असतो. तरी डुप्लिकेट मालाची शंका अगदीच खोटी म्हणता येत नाही, म्हणून काढलेली दोन्ही बेअरिंगं मागवून घेतली. त्यांतलं एक अण्णांच्या मुलाने नेमकं उकिरड्यावर टाकलं होतं. दुसरं मिळालं. त्याच्या आतल्या रिंगवर दोन गोष्टी दिसल्या. बाहेरच्या बाजूचं सील कापलेलं होतं आणि त्यात काळी सुतळी अन् बाइंडिंग तारेचा तुकडा गुंडाळलेला होता. आणि गोळ्यांच्या वाटेवर एकाच पट्टीत बारीक खड्डे पडलेले होते.

सुतळी-तार ही द्राक्षबागेतली नेहमीची पिडा. काड्या बांधलेली सुतळी, तुटलेली तार, ठिबकच्या लॅटरलचे तुकडे काड्यांबरोबर मल्चरमध्ये जातात, रोटरच्या टोकाला गुंडाळतात आणि करवतीसारखं सील कापतात. पण ते दोन्ही टोकांना होतं. मग डावीकडचं मूळ बेअरिंग दोन वर्षं कसं टिकलं, हा प्रश्न उरला.

उघडल्यावर काय दिसलं

ट्रॅक्टर बंद करून चावी खिशात घातली, यंत्र लाकडी ठोकळ्यांवर टेकवलं. हायड्रॉलिकवर उचललेल्या अवजाराखाली मी हात घालत नाही आणि गॅरेजमधल्या पोरांनाही घालू देत नाही. मग एकेक भाग काढत गेलो.

बेअरिंगपासूनच सुरुवात केली. डाव्या बाजूला यूसीएफ २०८ होतं. उजव्या बाजूला यूसीएफ २०९. शेवटच्या दोन आकड्यांना पाचने गुणलं की शाफ्टचा व्यास मिलिमीटरमध्ये मिळतो. ०८ म्हणजे ४०, ०९ म्हणजे ४५. रोटरचा शाफ्ट दोन्हीकडे ४० चाच होता. मग ४५ चं बेअरिंग बसलं कसं? आधीच्या कुणीतरी लेथवर अडीच मिलिमीटर जाडीचा बुश करून शाफ्टवर चढवला होता. एवढ्यावरच भागलं नव्हतं. २०८ च्या चार बोल्टांमधलं अंतर १०२ मिलिमीटर, २०९ चं १०५. म्हणून बाजूच्या पाटीवरची चारही भोकं गॅसकटरने लांबवली होती. बोल्ट त्या लांबट भोकांत कितीही आवळले तरी हाउसिंग थरथरीने सरकत होतं. अण्णांनी दुकानात जुनं बेअरिंग दाखवून तसंच नवीन आणलं होतं. दुकानदाराने दिलं ते बरोबरच दिलं होतं, चूक आधीच यंत्रात बसलेली होती.

पण हॅमर पाहिल्यावर मी खाली बसलो. वीस कानांपैकी एक रिकामा. उरलेल्या एकोणीस हॅमरांत तीन जाती. आठ मूळचे, झिजून धार गोल झालेले. सहा दुकानातून आणलेले, कोरे. आणि पाच गावातल्या लोहाराने ट्रकच्या पाट्यापासून घडवलेले. पाट्याचे पाचही उजव्या टोकाला एका ओळीत बसवलेले, कारण त्या बाजूचे मूळ हॅमर आधी झिजले होते.

वजन करायचं ठरवलं तर गॅरेजमधला काटा पन्नास ग्रॅमखाली काही दाखवत नाही. अण्णांचा मुलगा म्हणाला, "आपल्याकडे पनेटचा काटा आहे की." निर्यातीच्या द्राक्षांचे अर्ध्या किलोचे पनेट भरताना वापरतात तो, एक-एक ग्रॅम दाखवणारा. तो आणला. झिजलेले मूळ हॅमर ५३५ ते ५८० ग्रॅम भरले. दुकानातले ६४० ते ६५०. लोहाराचे ७०० ते ७२०.

अण्णांना हे वजन फारसं वाटलं नाही. "दीडशे ग्रॅमनी काय होतं? द्राक्षाचा एक घड आहे तेवढा." म्हणून जमिनीवर खडूने हिशेब मांडला. हॅमरचं वजन रोटरच्या मध्यापासून साधारण १८० मिलिमीटरवर धरा. मिनिटाला २,०२५ फेरे म्हणजे सेकंदाला जवळपास ३४. एवढ्या वेगात ५० ग्रॅमचा फरक सुमारे ४० किलोच्या ओढीइतका होतो. १५० ग्रॅमचा फरक सव्वाशे किलोच्या आसपास जातो. म्हणजे सव्वाशे किलोचा माणूस सेकंदाला चौतीस वेळा त्या बेअरिंगला वर-खाली-पुढे-मागे हिसके देतोय. आणि हा हिसका सगळा उजव्या टोकाला. अण्णांनी घडाचा विषय पुन्हा काढला नाही.

बाकीचं थोडक्यात. वीसपैकी सहा कानांची भोकं १६ मिलिमीटरची १९ झालेली, अंड्यासारखी. पुलीवरच्या तीन पट्ट्यांपैकी दोन बी-५०, एक बी-५१, कारण त्या दिवशी दुकानात तिसरा ५० नव्हता. बी पट्ट्यावरचा आकडा आतल्या घेराचे इंच सांगतो, म्हणजे एक पट्टा २५ मिलिमीटर लांब. तो नुसता फडफडत होता, काम दोघंच करत होते. पीटीओ शाफ्ट रोटाव्हेटरचा होता. दोन्हीकडे एक पूर्णांक तीन अष्टमांश इंची सहा खाचांचा, त्यामुळे बिनतक्रार चढला होता. मात्र चौकोनी नळी साफ करून परत घालताना कुणीतरी ती एक घर फिरवून घातली होती. दोन टोकांचे दुबेळे, म्हणजे सांध्याचे दुहेरी फाटे, एका रेषेत हवेत, ते काटकोनात आले होते. असा शाफ्ट जरा कोनात चालला की प्रत्येक फेऱ्यात झटका देतो. आणि त्याच्या शिअर बोल्टच्या जागी काळा अॅलन बोल्ट, डोक्यावर ताकदीचा आकडा १२.९. मूळचा ८.८ चा होता. शिअर बोल्टचं कामच मुळी तुटण्याचं. तो न तुटणारा टाकला की दगड लागल्यावर बोल्टाऐवजी गिअरबॉक्स तुटतो.

यातला एकही भाग "बसत नाही" असा नव्हता. सगळे बसले होते. कुणी ठोकून, कुणी बुश घालून, कुणी भोक मोठं करून. या यंत्राचा घोटाळा एवढाच होता.

पर्याय

अण्णांपुढे चार रस्ते ठेवले.

पहिला, त्यांचाच. बेअरिंग बदलायचं, वरवर आवळायचं आणि दीड एकर उरकायचं. हा अर्ध्या दिवसाचा आणि सगळ्यात स्वस्त. याला मी लगेच नाही म्हटलं नाही. हंगामात शेतकऱ्याचा दिवस महाग असतो, आणि दीड एकर काही फार नाही. पण लोहाराच्या एका हॅमरला भोकाजवळ केसासारखी चीर दिसली होती. कानस फिरवली तर ती घसरत होती, म्हणजे पाण्यात विझवून काच केलेला. असा तुकडा सुटला तर मागच्या साखळ्या-झडपा त्याला थांबवतीलच असं नाही, आणि द्राक्षबागेत पुढच्याच ओळीत माणसं फुटवे बघत असतात. हा रस्ता मी तिथेच बंद केला.

दुसरा, जुनेच हॅमर घासून सारख्या वजनाचे करायचे. जड असलेले हलके करता येतात, झिजलेले जड कसे करणार? वेल्डिंगचा थर चढवून करतात, मी पाहिलंय. त्याने मूळची कडक केलेली धार नरम पडते किंवा थराच्या कडेला तडकते. गवतापुरतं चालेल, बोटाएवढ्या जाड काड्यांना नाही.

तिसरा, हॅमर एका जातीचे नवे, कानांची दुरुस्ती, बेअरिंगची मूळ जागा परत करणं, पट्टे-शाफ्ट सरळ करणं, आणि रोटर बॅलन्स करून आणणं. चार-पाच दिवस.

चौथा, नवा मल्चर. महाडीबीटीवर अर्ज करून अनुदानावर घेता येतो, पण त्याला लागणाऱ्या वेळात हा हंगाम निघून जातो. मुलाला हा रस्ता आवडला होता, अण्णांना नाही.

तिसरा ठरला. सरीतल्या काड्यांपैकी निम्म्या तरी शेजाऱ्याचा मल्चर भाड्याने आणून काढायच्या, म्हणजे आमच्यावर घाई राहणार नाही, हेही ठरलं. ही सूचना अण्णांच्या घरातून आली, आणि सगळ्यांत शहाणी तीच निघाली.

काम

आधी पाटी. लांबट भोकांची जागा कापून १० मिलिमीटरची नवी पाटी बसवली, १०२ च्या चौकोनात भोकं पाडली. पण ती कुठे वेल्ड करायची हे नजरेने ठरवलं नाही. चाळीसचा सरळ शाफ्ट दोन्ही बेअरिंगांतून आरपार घातला, तो हाताने सहज फिरेपर्यंत पाटी सरकवली, मगच टाके मारले.

मग कान. सहा कान कापून नवे लावले. इथे एक गोष्ट सांगून ठेवतो. वेल्डिंगची अर्थ लावताना बहुतेक जण जवळच्या चेसीला पकड लावतात आणि रोटरवर रॉड टेकवतात. मधला प्रवाह मग बेअरिंगमधून जातो, आणि गोळ्या जिथे टेकलेल्या असतात तिथे ठिणग्यांचे खड्डे पडतात. काढलेल्या बेअरिंगवर एका पट्टीत जे खड्डे होते ते त्यातलेच असावेत असा माझा कयास आहे, कारण पहिलं बेअरिंग बदलल्यानंतर अण्णांनी गावात एक कान वेल्ड करून घेतला होता. सिद्ध करता येणार नाही. आम्ही रोटर बाहेरच काढला आणि अर्थ रोटरलाच लावली.

वेल्डिंगनंतर बॅलन्सिंगचा प्रश्न आला, आणि इथे माझं मन दोनदा फिरलं. गॅरेजमध्ये दोन अँगल लेव्हलमध्ये ठेवून त्यावर रोटर सोडता येतो, जड बाजू खाली येऊन थांबते, समोर वजन लावायचं. फुकटचं काम. पण ही पद्धत फक्त एकूण जड बाजू दाखवते. उजव्या टोकाला वरच्या अंगाने जड आणि डाव्या टोकाला खालच्या अंगाने तेवढंच जड असेल, तर अँगलवर रोटर कुठेही शांत उभा राहतो आणि फिरायला लागला की दोन्ही टोकं उलटसुलट ओढतो. चार फूट लांब रोटर आणि सहापैकी पाच नवे कान एकाच टोकाला, अशा वेळी अँगलवर भरवसा ठेवणं बरं नाही. आयएसओच्या मानकात शेतीयंत्रांच्या फिरत्या भागांना जी १६ हा बॅलन्सचा दर्जा सांगितलाय. आमच्या साठ किलोच्या रोटरला, या वेगात, तो १८० मिलिमीटर त्रिज्येवर एकूण २५ ग्रॅमच्या आसपास फरकाची मुभा देतो. सहा कानांच्या वेल्डिंगमध्ये एवढी धातू इकडची तिकडे सहज जाते.

म्हणून रोटर टेम्पोत घालून सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत एका बॅलन्सिंगवाल्याकडे नेला. त्याने हॅमरशिवाय फिरवला, दोन टोकांना दोन ठिकाणी पट्ट्या लावायला सांगितल्या. कारखान्यांचे पंखे आणि मोटारी करणारा माणूस, मल्चर त्याने पहिल्यांदाच पाहिला. दोन दिवस नंबर लागला नाही, ते दोन दिवस गेले.

तोवर इकडे पट्ट्यांचा एक गमतीचा घोळ झाला. अण्णांच्या मुलाने मदत म्हणून तीन नवे पट्टे ऑनलाइन मागवले. ५० इंच गुणिले २५.४, बरोबर १,२७० मिलिमीटर, म्हणून त्याने एसपीबी १२७० मागवले. हिशेब चोख, पट्टे चढेनात. कारण बी चा आकडा आतल्या घेराचा असतो आणि एसपीबीचा पट्ट्याच्या पोटातल्या दोऱ्यांच्या रेषेवरचा. दोन्हींत सुमारे ४० मिलिमीटरचा फरक पडतो. ड्रायव्हरने स्क्रूड्रायव्हर घालून पुलीवर चढवायचा प्रयत्न केला, तेवढ्यात मी ओरडलो. असा जबरदस्तीने चढवलेला पट्टा आतले दोरे तुटून पंधरा दिवसांत जातो. पट्टे परत गेले. एकाच कंपनीचे, एकाच वेळी घेतलेले तीन बी-५० आले. पुलीच्या खाचा पाहिल्या, तळाला चकाकी नव्हती, म्हणजे पट्टा अजून तळाला टेकत नव्हता. पुली वाचली.

आणि शेवटी हॅमर. एका पेटीतले चोवीस घेतले, वीस लावायला, चार शिल्लक. पनेटच्या काट्यावर चढवले तर एकाच पेटीतले ६२८ पासून ६६१ पर्यंत. नवे म्हणजे सारखे असं मीही गृहीत धरलं असतं. पाच ग्रॅमच्या आत जुळतील अशा जोड्या लावल्या, प्रत्येक जोडीवर रंगाने आकडा टाकला आणि त्या रोटरवर समोरासमोरच्या कानांत बसवल्या. बोल्ट १०.९ चे, नायलॉकच्या चाकी नव्या. जुन्या नायलॉकचा नायलॉन एकदा खोलला की पकड सोडतो, दोन रुपयांसाठी तो पुन्हा वापरू नये. पीटीओ शाफ्टचे दुबेळे एका रेषेत आणले, ८.८ चा बोल्ट टाकला. रोटरच्या दोन्ही टोकांना सुतळी गुंडाळू नये म्हणून पाइपची छोटी कडी वेल्ड केली.

गॅरेजच्या अंगणात चालवून पाहिलं. रोटरच्या टोकाला चमकी पट्टी चिकटवून लांबून फेरे मोजले, २,०१० भरले. पाण्याने भरलेला पेला गिअरबॉक्सवर ठेवला, पाणी हललं पण सांडलं नाही. अण्णांनी पेल्यातलंच पाणी पिऊन टाकलं आणि ट्रॅक्टर घेऊन गेले.

पुन्हा थरथर

दोन दिवसांनी संध्याकाळी फोन. उजवं बेअरिंग हात लावू देत नाही.

त्या रात्री मला झोप लागली नाही, खोटं का सांगू. सकाळी बागेतच गेलो. हॅमर जागेवर, बोल्ट आवळलेले, पट्टे ठीक. ड्रायव्हरला म्हटलं, तू रोज चालवतोस तसं चालव. त्याने ट्रॅक्टर सुरू केला आणि पीटीओचा दांडा पुढे न ढकलता मागे ओढला.

या मिनी ट्रॅक्टरला पीटीओचे दोन वेग आहेत, ५४० आणि ७५०. अंगणात मी स्वतः ५४० वर लावून फेरे मोजले होते. ड्रायव्हर ७५० वर चालवत होता आणि त्याचं कारण मूर्खपणाचं नव्हतं. ७५० चा गिअर टाकून थ्रॉटल कमी ठेवला की पीटीओला तेच ५४० च्या जवळपास फेरे मिळतात आणि डिझेल वाचतं. थ्रॉटल पाऊण भागापेक्षा जरा खाली ठेवला तर हे चालतंसुद्धा. पण दाट काड्यांची सरी आली की इंजिन दबायचं, मग तो थ्रॉटल पूर्ण ओढायचा, आणि सरी विरळ झाली तरी खाली आणायला विसरायचा. फेरे मोजले, २,६५० आले. ओढ वेगाच्या वर्गाने वाढते. जिथे आधी शंभर किलो, तिथे आता एकशे सत्तरपेक्षा जास्त.

"मला वाटलं तुम्हाला माहीत असंल, दादा," ड्रायव्हर म्हणाला. त्याला मी हे विचारलंच नव्हतं. अण्णांना विचारलं, मुलाला विचारलं, जुन्या बेअरिंगला जणू विचारलं. जो माणूस रोज आठ तास त्या सीटवर बसतो, तो गॅरेजमध्ये तीन वेळा येऊन गेला होता आणि मी त्याच्याकडून फक्त पान्हे मागून घेतले होते.

बेअरिंग वाचलं. सील तपासलं, ग्रीसचे दोन स्ट्रोक दिले. त्याहून जास्त देऊ नये, दाबाने सीलच बाहेर येतं. पीटीओच्या दांड्यावर ७५० च्या जागेला लाल रंग लावला. उरलेलं काम ५४० वर झालं. डिझेल थोडं जास्त गेलं, ते ड्रायव्हरनेच अण्णांना सांगितलं.

हिशेब

सगळा खर्च नव्या मल्चरच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतका आला. बॅलन्सिंगचा त्यातला वाटा अण्णांना वाटला होता त्यापेक्षा पुष्कळ कमी होता, हॅमर आणि मजुरी जास्त. हंगामाचे सहा दिवस गेले, भाड्याच्या मल्चरमुळे ते जाणवले नाहीत. गिअरबॉक्सचं पुढचं सील तेव्हाही झिरपत होतं आणि आजही झिरपतं. ते मी मुद्दाम उघडलं नाही. आतले गिअर आवाज करत नव्हते, आणि चालत्या गिअरबॉक्सचं सील बदलताना बेअरिंगचा ताण बिघडला तर नवं दुखणं. तेल महिन्यातून एकदा पाहायचं, एवढंच सांगितलं. यावर माझ्याशी वाद घालणारे मिस्तरी भेटतील, आणि त्यांचंही बरोबर असू शकतं.

आज करायचं तर

क्रम बदलेन. मी बेअरिंगपासून सुरुवात केली, कारण तक्रार बेअरिंगची होती. पहिल्याच दिवशी यंत्र शेतात, रोजच्या ड्रायव्हरच्या हातात, रोजच्या सरीत चालताना पाहायला हवं होतं. फेरे मोजायचं साधन माझ्याकडे होतं, ते मी अंगणात वापरलं. अंगणात काड्या नव्हत्या.

बॅलन्सिंगला नेण्याआधी अँगलवर एकदा ठेवून बघितला असता तर रोटर मुळात किती बिघडला होता हेही कळलं असतं. तसं न केल्यामुळे आज मला सांगता येत नाही की थरथरीचा किती भाग हॅमरांचा, किती रोटरचा आणि किती नुसत्या वेगाचा. सगळं एकदम सुधारलं की असं होतं.

जुनं यंत्र घेणाऱ्याला मी आता एवढं सांगतो. घेतानाच दोन्ही टोकांच्या बेअरिंगांवरचे आकडे वाचा. वेगळे दिसले तर विकणाऱ्याला कारण विचारा. पीटीओ शाफ्ट सोबत मिळाला असेल तर तो याच यंत्राचा आहे का तेही विचारा, कारण सहा खाचांचा शाफ्ट बाजारातल्या बहुतेक अवजारांवर चढतो. आणि हॅमर बदलायचा झाला तर समोरचाही उतरवून दोन्ही तोला.

ऑक्टोबर

गोडी बहार छाटणीच्या आधी, ऑक्टोबरात, अण्णांचा मल्चर तपासणीला आला. ड्रायव्हर एकटाच घेऊन आला होता. बेअरिंगं दोन्ही शांत, कड्यांवर सुतळी गुंडाळलेली पण सीलपर्यंत पोचली नव्हती. हॅमर मोजले तर अठराच.

"दोन कुठे गेले?"

एक दगडावर तुटला होता, सप्टेंबरात गवत कापताना. त्याने ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समधून फडक्यात गुंडाळलेला दुसरा काढून दाखवला. अखंड, चांगला, रंगाने सात आकडा टाकलेला.

"ह्याची जोड गेली ना," तो म्हणाला, "म्हणून हा पण काढून ठेवला. शिल्लक चारातले दोन लावायचे होते, पण काटा मालकाच्या पॅकिंगच्या खोलीत, खोलीला कुलूप."

गॅरेजच्या काट्यावर ते तोलता येणार नव्हते. मी मोटारसायकलवर जाऊन किराणा दुकानातून इलेक्ट्रॉनिक काटा मागून आणला. ६४३ आणि ६४६.